मंगळवारचे पंधरा डॉलर

ट्रुडी, होडी सुटायला दहा मिनिटं आहेत, तोवर ऐक.
ही कोलोरॅडो. अलीकडे आपण, ॲरिझोनावाले,
पत्र्याची घरं, पेन्शनी, म्हातारी कुत्री.
पलीकडे नेवाडा,
आणि पाण्यात उलटे लटकलेले त्यांचे दिवे.
होडीला तिकीट नाही.
का नाही, एवढं डोक्यात ठेवलंस
तरी अर्धं शिक्षण झालं.

मंगळवारी साठीपुढच्यांना पंधरा डॉलरचा खेळ मिळतो.
पैसे नव्हेत, खेळ. एकदा फिरवावा लागतो.
खिडकीकडच्या जुन्या रांगेत पोकरची मशीनं आहेत,
पाव डॉलरवाली, त्यांवर फिरव.
रेडे उधळतात, नाणी पाझरतात, त्या मशीनांकडे
मान वळवायची नाही.
पंधराचे कधी नऊ होतात, कधी एकवीस,
वर्षाकाठी सरासरी चौदा आणि थोडी चिल्लर.
चिठ्ठी काढ, रोख करून घे, ऊठ.
वहीत ‘ऊठ’ खाली मी दोन रेघा मारल्यात.

दहाचं कूपन दहाचं नसतं.
आपले दहा ठेवायचे, त्यावर त्यांचं कूपन,
जिंकलो तर वीस, पण कूपन त्यांच्याच पेटीत जातं.
मी त्याची किंमत पावणेपाच धरते.
त्या दहांखेरीज स्वतःची नोट
पर्समधून डोकं वर काढता कामा नये.

आणि तुझ्या नातवानं फोनवर दाखवला तो बोनस,
दोनशेचा, चमचमता?
खालची मुंगीएवढी अक्षरं मी भिंगातून वाचली.
तीसपट खेळा, मग हात लावा.
सहा हजार फिरवायचे, शेकडा चार त्यांचे,
म्हणजे दोनशे मिळवायला दोनशे चाळीस.
आवळा दाखवून कोहळा काढतात, बाई,
वर आवळाही परत मागतात.

दारू फुकट देतात. घेऊ नकोस.
जेवण फुकट देतात. आधी ते.
भरल्या पोटी माणूस कमी आशा करतो.

ही वही बघ. नऊ वर्षं.
टोस्टर सात, प्रत्येकी सतरा डॉलर धरून.
चाकांची बॅग, तिचं एक चाक पहिल्याच दिवशी गेलं,
म्हणून निम्मी किंमत.
शाळेच्या कचेरीत तीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब जुळवले,
हा माझा.
एकूण अकरा हजार चारशे बारा.

डाव्या पानावर एकच आकडा आहे.
एक लाख अडतीस हजार.
ते घर होतं, किंगमनला, अंगणात दोन पीचची झाडं.
ऑरिननं ते इथे आणलं,
वीस-वीसच्या नोटा करून,
आणि त्याला खोली फुकट मिळायची, वरच्या मजल्यावरची, नदी दिसणारी.

या चालीनं सगळं वसूल व्हायला
शंभर वर्षांना दोन महिने कमी.
मी चौऱ्याहत्तरची.
हसतेस काय, मीही हसले होते,
भागाकार तीनदा करून पाहिल्यावर.

लाल शाईची ही ओळ? ती सोड.
बरं, ऐक. तो गेला त्या हिवाळ्यात, एकदाच,
त्याच्या खुर्चीवर बसले,
माझे स्वतःचे वीस घातले.
चार मिनिटं पुरले.
त्याला काय दिसत असेल ते मला दिसलं नाही,
फक्त खुर्ची ऊबदार होती,
कुणीतरी नुकतंच उठून गेलेलं.

आमचं कार्ड जोडीचं आहे.
मी येत राहते, म्हणून त्याचंही खातं जिवंत राहतं.
दर ऑक्टोबरला त्याच्या नावानं पाकीट येतं,
वाढदिवसाचे पन्नास, सोबत केकचं चित्र,
‘ऑरिन, बरेच दिवसांत दिसला नाहीत.’
फोन करून सांगायला हवं, कळतं मला.
पण त्याला कार्ड पाठवणारं
आता दुसरं कोण उरलंय?
ते पन्नास मी वापरत नाही.
वहीतही धरत नाही.

चल, दोरी सोडतोय तो.
टोपी धर, मधोमध वारा असतो.
आज टोस्टर नाहीत, ब्लँकेटं आहेत,
अकरानंतर फक्त तपकिरी उरतात.