डुकराची भरपाई

दाउलो घाटात धुकं इतकं
की डुक्कर आधी ऐकू आलं, मग दिसलं,
मग ओरडायचं थांबलं.

पंचवीस आसनांची बस, आत एकतीस माणसं,
रताळ्यांची पोती, कुणाची तरी नवीकोरी गादी
आणि वेळेचं भान नसलेला एक कोंबडा.

वाईने ड्रायव्हर खाली उतरेपर्यंत
रस्त्यावर ओंडके आडवे पडले होते.
कुऱ्हाडी होत्या, पण अजून खांद्यावर.
गिमिसेवे नावाचा म्हातारा डुकराशेजारी उकिडवा बसला,
त्याचा दुमडलेला कान सरळ केला
आणि वर न बघता विचारलं,
"कुणाची माणसं तुम्ही?"

आमच्याकडे हा प्रश्न साधा नसतो.
भरपाई माणूस देत नाही, कूळ देतं.
एकट्याने दिले तर ते नुसते पैसे;
वैर तसंच उरतं, आणि रात्री घर शोधत येतं.

वाईने म्हणाला, मी सिम्बूचा, पण बस माझी नाही.
एंगाचे दोघे म्हणाले, चाक आमच्या हातात नव्हतं.
सेपिकची मागिंगू म्हणाली, मी तर झोपले होते बाई.
रबाऊलचे तोलिमान मास्तर चष्माच पुसत राहिले.
एकतीस तोंडं, चौदा भाषा,
आणि प्रत्येकीत 'आमचं नाही' म्हणायला
एक चांगला, जुना, हाताळून गुळगुळीत झालेला शब्द.

माझ्याकडे वही होती, म्हणून मला पुढे ढकललं.
वर कुळाचं नाव काय लिहू?

पिसिनमध्ये दोन शब्द आहेत.
मिपेला : आम्ही, म्हणजे तू बाहेर.
यूमी : आपण, म्हणजे तूही आत, ये, सरकतो जरा.
ही भाषा साहेबाच्या मळ्यावर हुकूम झेलत शिकलेली.
साहेबाकडे दोन्हींना एकच शब्द होता.
फरक आमच्या आजोबांनी आत घातला,
पोत्याच्या तळाशी बियाण्याचा कंद लपवावा तसा.

मी लिहिलं : मिपेला, बसची माणसं.
ना पूर्वज, ना नदी, ना लढाईची आरोळी,
नुसती एक नंबरप्लेट असलेलं कूळ.
पाच किना. दोन किना. मास्तरांचे चाळीस.
मागिंगूने सुपाऱ्यांची अख्खी पिशवी उलटी केली.
गादीवाल्याने गादीच दिली, आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.
एकजण लघवीला म्हणून धुक्यात गेला तो गेलाच;
त्याच्यापुढचा रकाना मोकळा आहे.

सगळ्यात शेवटी बूकाचा सेमोसो आला.
"दहा घे. पण माझं नाव वेगळं लिही.
माझ्या बेटावर याच देशाच्या गोळीने भाऊ गेला,
तेव्हा कुणी वही काढली नव्हती.
डुकरापुरता मी तुमच्यातला."
मी रेघ मारली. रेघेखाली त्याला लिहिलं.
बेरीज मात्र एकच केली.

गिमिसेवेने दोनदा मोजलं. कमी होते. त्याने घेतले.
मग म्हणाला, "पैसे दिलेत, डुक्कर तुमचं. उचला."
आता हे गोरोकाला न्यायचं की हागेनला,
आणि कुणाच्या मांडीवर?

कुणीतरी हसलं. एंगाच्या त्या दोघांपैकी असावं.
आलिको नावाच्या म्हातारीने दगड तापायला टाकले,
केळीची पानं मागवली, आमचीच रताळी सोलायला
आम्हालाच बसवलं. शब्द एकच बोलली :
यूमी.
आणि काळजाचा तुकडा सेमोसोपुढे धरला,
कारण तो धुरापासून सर्वांत लांब बसला होता.
त्याने खाल्ला.
बोलला काहीच नाही.

पहाटे ओंडके हलवायला
घालणारे आणि अडलेले एकत्र वाकले.
कोंबडा उजाडल्यावर तासाभराने आरवला.

वही अजून आहे. डाग पडलेत तेलाचे.
सोळा सप्टेंबरला शाळेत झेंडा चढतो
तेव्हा पोरं विचारतात, सर, देश कधी झाला?
मी त्यांना तारीख सांगतो, ती परीक्षेत येते.

रेघ मी खोडलेली नाही.
ती माझी नाही खोडायला.