अकरा नंबरची पट्टी

निपाणीहून पद्मण्णा शेठ आले ते
पेपरात गुंडाळलेलं तंबाखूचं एक पान घेऊन.
सांबऱ्याच्या हँगरात, पंखाखाली उभं राहून
दोन बोटांत देठ धरला आणि म्हणाले,
हा रंग पायजे. नाकापासून शेपटीपर्यंत एक पट्टा.
बाकी पांढरंच राहू दे.

मी विचारलं, यातला कुठला?
देठाजवळचा, शिरेचा, का कडेचा?
म्हणाले, पानाचा.

लॉरेन्सने संगणकावर सहाशे तपकिरी दाखवले.
एकालाही वास नव्हता.

मी मूळचा पाट्या रंगवणारा.
खडे बाजारातली निम्मी दुकानं माझ्या अक्षरांत बोलायची.
वर कन्नड, खाली मराठी.
मग वरचं मोठं, खालचं लहान.
मग एखाद्या रात्री कुणीतरी डांबर फासून जायचं
आणि सकाळी दुकानदाराचा पोरगा सायकलवर यायचा.
रॉकेलने पुसून मी पुन्हा लिहायचो.
पैसे दोन्ही वेळी मिळायचे, खोटं कशाला बोलू.
फ्लेक्स आलं, आणि भांडणसुद्धा छापील झालं.

विमानाला आधी नागवं करावं लागतं.
जुना रंग फुगून साईसारखा सुटतो,
तो प्लास्टिकच्या पट्टीने सोलायचा, लोखंड लावायचं नाही.
आत रिव्हेटांच्या ओळी,
भरतकामाच्या उलट्या बाजूसारख्या.
कुशीला हवेचं एक बारीक भोक असतं,
त्यावर टेप, टेपला लाल फीत.
काढायला विसरलास, लॉरेन्स सांगतो,
तर काटा खोटी उंची दाखवेल
आणि वैमानिक विश्वास ठेवेल.

सतरा पट्ट्या रंगवल्या, हातभर लांबीच्या.
अकरावी दुपारच्या उन्हात धरली
तर पान कुठं संपतं ते कळेना.
शेठ आले संध्याकाळी. ट्यूबखाली बघून म्हणाले, चौदावी.
मी गप्प.
पानाचा तोवर चुरा झाला होता, चिमूटभर.
शिवानंदने एवढंच विचारलं, चुना हाय काय?

रेघ आखायला तीन दिवस गेले.
दोऱ्याबरहुकूम मारली तर अंगाच्या गोलाईवर
ती मध्येच खाली ढळल्यासारखी दिसते.
म्हणून दारापाशी बोटभर वर घ्यायची,
पंखामागे हळूच सोडून द्यायची.
शिवानंद त्या टोकाला, टेपचं बंडल घेऊन:
स्वल्प मेले... स्वल्प मेले...
मी इकडून: धर. धर. आता सोड.
साकु, म्हणाला. मीही म्हटलं, साकु.
लांबून बघणारा म्हणतो, काय सरळ मारलीय!

शेपटीवर रोमन अक्षरं.
त्यांच्याशी इथं कुणाचं भांडण नाही.
ती मी एका सकाळीत उरकली.

रंगाला वजन असतं हे मला पन्नाशीत कळलं.
विमान काट्यावर चढवलं, नवा रंग नऊ किलो भरला,
सुकाणूचा तोल पुन्हा लावावा लागला.
कागदावर लॉरेन्सची सही.
मी तीस वर्षं या गावावर अक्षरं टांगत होतो,
त्यांचा काटा कुणी केला नाही.

बुधवारी उडालं.
कुंपणाशी मी, शिवानंद आणि चहाची किटली.
धावपट्टीवर पट्टा दिसला, नक्की दिसला,
मग वर गेल्यावर नुसतं पांढरं पोट.
पोटाखाली शेठनी डिझाइन घेतलं नव्हतं,
तिथं पैसे वाचवले.

अकरावी पट्टी मी वडगावला घरी आणली.
दोन भोकं होतीच तिला, दारावर ठोकली, नाव घालायला.
दिवाळी गेली, उगादी गेली.
सुगंधा म्हणते, लिहा की आता, दोन तर शब्द.
ब्रश डबड्यात भिजत ठेवलाय.
पोस्टमन येतो,
पट्टीवरच टकटक करतो.