नंबर येईपर्यंत

सरक जरा, बस इथं.
त्या पंख्याखाली नको, तो फिरत नाही, नुसता लटकतो.
तुझा अठ्ठावन्न ना? माझा एक्केचाळीस.
म्हणजे वेळ आहे आपल्याकडं भरपूर.
हसलीस? हस. मला पहिल्या दिवशी कुणी असं म्हटलं असतं
तर विड्यांच्या सुपानं बडवलं असतं मी.

मी घरकुलातली. नाव नको विचारूस,
नाव त्या खिडकीत सांगायचं, हळू.

पहिली बाटली मिळाली तेव्हा काय वाजायची गं!
पिशवीत खुळखुळ, रिक्षात खुळखुळ,
अशोक चौकातल्या खड्ड्यात तर
आख्खी रिक्षा वळून बघतेय असं वाटलं.
घरी सासू, जाऊ,
भिंतीपल्याड सोनबत्तुला म्हातारी,
तिला पानाला लागलेली कात्रीसुद्धा ऐकू येते.
मग मी गोळ्या काढल्या बाटलीतनं, रुमालात बांधल्या,
आणि तेंदूच्या पानांखाली सारल्या.
ओलं फडकं, त्यात पानं, त्याखाली रुमाल.
पान कोरडं पडलं की फाटतं, तुला ठाऊक आहे.
गोळीचं उलटं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
दहाव्या दिवशी बघते तर फुगलेल्या, पिठूळ,
एकमेकींना चिकटलेल्या.
तव्यावर शेकल्या. खाल्ल्यासुद्धा. अशी मी शहाणी.

मंगरुळे मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.
कारखान्यात हजारामागं छाट काढतात
आणि तोंडावर फेकतात.
ही बाई दोन ओल्या गोळ्या तळहातावर घेऊन
बघत बसली, मग म्हणाली,
आवाजाचं काय करायचं ते मिळून बघू.
वर कोरडा कापूस भर.
आतली बारकी पुडी फेकू नकोस, ओल तीच पिते.
झाकण घट्ट. पत्र्याला टेकून नको, चुलीजवळ नको,
आपल्याकडचा मे माहीत आहे ना.

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
मी एक तांब्या वेगळा झाकून ठेवते,
त्यातनं कुणी चहा केला तर भांडते.

आणि ऐक, लाल गोळ्या देतात ना रक्ताच्या?
कॅल्शियमच्या? पित्ताचं पांढरं औषध?
आत जाऊन सगळं सांग. कुठली कधी, किती अंतरानं,
ते तीच लिहून देते.
जावेनं मला काढ्याची पुडी आणलेली,
वर नाव नाही, खाली सतरा आजार.
तीपण दाखवली. लाज कसली.

आमच्यात हे आधी घ्यायचे.
मागावर होते. सहा महिन्यांत अंग भरलं,
गड्ड्याला गेलो, पाळण्यात बसले,
वरनं ओरडले, बघ गं, मला काय झालंय?
त्या रात्री बाटली कपाटावर गेली.
मागावर धागा तुटला तरी माग थांबत नाही,
तो विणतच राहतो,
घडी उघडल्यावर दिसते चादरीतली रेघ.
मग दुसऱ्या गोळ्या, मग तिसऱ्या. मग
पुढच्या गड्ड्याला मी गेले नाही.

रात्री नऊ. माझी वेळ नऊ.
वडील गिरणीतले, गिरणी बंद पडली
तरी भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे अंथरुणात.
आई चिडायची. आता कळतं मला ते.

गेल्या खेपेच्या कागदावर लिहिलंय, विषाणू आढळला नाही.
नाही म्हणजे गेला नाही हं. आढळला नाही.
मी मॅडमना तीनदा विचारलं. गोळी चालू.

परवा कापूस घालायचा राहिला.
नऊला बाटली वाजली,
भिंतीपल्याडनं म्हातारी म्हणाली, नऊ वाजले का गं?
मी म्हटलं, हो.
तिनं पुढं विचारलं नाही.
तिच्याही घड्याळाचा सेल संपलाय बहुतेक.

एक्केचाळीस म्हणाले का?
आले, आले. पिशवी बघ माझी.
अंबूबाई. नाव माझं.