सहाच्या जागी पाच

आई घड्याळांच्या कारखान्यात होती.
मग घड्याळं खपेनाशी झाली
आणि त्याच बाकावर, त्याच चिमट्याखाली
काळे चपटे कॉम्प्युटर येऊन पडले.
त्या वर्षी डंडीत प्रत्येक गल्लीत एक होता,
थोडे दुकानातून आलेले, बरेचसे
जेवणाच्या डब्यातून, सुटे सुटे.
आमचा कुठून आला, मी विचारलं नाही.

त्याला गळा एकच.
एका वेळी एक सूर, तोही डबीत कोंडलेल्या माशीचा.
आणि गाताना त्याला दुसरं काही जमायचं नाही:
माझ्या खेळातला दीपगृहाचा रखवालदार
जिन्यावर एक पाय उचलून थांबायचा,
सूर संपला की पाय खाली.

मी सोळा वर्षांचा. खेळाला संगीत हवं होतं, फुकटातलं.
म्हणून चर्चची ऑर्गनवाली, मिस युफेमिया ऑगिल्वी.
"बाख घे," ती म्हणाली, "जाऊन दोनशे चौतीस वर्षं झाली.
मेलेला माणूस बिल पाठवत नाही."
तिने वही उघडली. दोन ओळी, दोन हात,
एक निघतो, दुसरा त्याच्या मागे,
वाटेत कधी भांडतात, कधी एकमेकांची वाक्यं पुरी करतात.
"हे एका गळ्यातून कसं काढशील?"

थोडं याचं, लगेच थोडं त्याचं, मी म्हटलं,
इतक्या लवकर लवकर की कानाला वाटावं दोघंही आहेत.
ती बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली.
"थंडीत याची दोन बोटं उठत नाहीत," म्हणाली.
"गेली तीन वर्षं मीही हेच करते.
अजून कुणी तक्रार केली नाही."

ती सूर सांगायची, मी आकडा लिहायचो,
स्वेटरच्या नमुन्याच्या कागदामागे, पेन्सिलीने.
सा-रे-ग म्हणायला नाही, झीरो, दोन, तीन.
खिडकीबाहेर टे नदीवरून धुकं चढत होतं,
पूल आधी मधोमध गेला, मग दोन्ही टोकांनी.
एक्केचाळिसाव्या आकड्याला तिला खोकला आला.
एफ शार्प म्हणाली असेल. मी ऐकला एफ.
सहाच्या जागी पाच.

कॅसेट निघाली. एक पौंड नव्व्याण्णव.
लावली की आधी पाच मिनिटं नुसती किंचाळी,
आणि त्या किंचाळीत कुठेतरी
घडी घालून ठेवलेला तो जर्मन म्हातारा.
मिस ऑगिल्वीला घरी बोलावलं.
आईने इस्त्री थांबवली, टीव्हीवरचं कापड काढलं.
ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "पुन्हा लाव."
पुन्हा लावलं.
टोपी घातली, पायऱ्या उतरली, काही बोलली नाही.
फेब्रुवारीत तिला पुरलं तेव्हा ऑर्गनवर
दुसरंच कुणीतरी होतं, दहाच्या दहा बोटांचं.

चूक मला कळली ती नवव्या वर्षी, एका दुकानात,
छापील वही सहज चाळताना.
तोवर चार हजार कॅसेटी कुठे कुठे गेल्या होत्या,
हल, कॉर्क, कुणाच्या तरी मावशीबरोबर लिस्बनला.
चार हजार घरांत मुलं गृहपाठ सोडून
त्या पाचावर जिना चढत होती.
कुणाला पत्र लिहायचं?

गेल्या नोव्हेंबरात हॉलमध्ये पियानो होता.
माझ्या पुढच्या रांगेत एक टकलू, माझ्याच वयाचा.
ती वादक पोरगी त्या वळणावर आली
आणि तिने, अर्थातच, सहाच वाजवला.
त्याची मान आखडली. बायकोकडे वाकून
त्याने कुजबुज केली: "चुकली."
मी त्याच्या खांद्यावर हात ठेवू शकलो असतो.
पण खरं सांगू? माझाही कान
त्या पाचासाठी दार उघडून बसला होता,
आणि दुसराच कुणी आत आला.

नंतर कोट घ्यायच्या रांगेत तो गुणगुणत होता.
पाच.
माझं तिकीट कुठल्या खिशात ठेवलं होतं
ते मला बराच वेळ सापडेना.