दहा मैलांवर

थ्रेलकेल्ड पहिल्या दिवशी एवढंच म्हणाला:
मागची ताडपत्री आधी, पुढची तिच्यावर.
उलटं केलंस तर वारा आत शिरेल,
मग त्याला बाहेर काढायला तुझा बाप येणार आहे का?

केंडलचं यार्ड. एकसष्टचा जानेवारी, पहाटेचे पाच.
मी पंधराचा, लोकरीचे गठ्ठे तीन थर.
ताडपत्री रात्रभर भिजून गोठलेली,
उलगडताना पत्र्यासारखी वाजायची.
वर चढून ती गुडघ्यांनी पसरायची,
कोपरे पाकिटासारखे दुमडायचे,
मग दोराचं भेंडोळं पलीकडे भिरकवायचं,
"खाली बघ!" म्हणून ओरडत,
खाली कोणी नसलं तरी.

आणि मग गाठ.
तिला आम्ही डॉली म्हणायचो, का ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
दोराला वेटोळं, वेटोळ्याला पीळ,
त्यातून फास, फास खालच्या हुकात,
टाच चाकाला लावायची
आणि अख्खं अंग मागे टाकायचं.
ट्रक कण्हायचा.
ओढाल तेवढी घट्ट, आणि सोडायची तर एका हिसक्यात मोकळी.
अशी दुसरी गोष्ट मला नंतर कुठे सापडली नाही.

विनी म्हणायची, तुझ्या तळव्यांना कधी डांबराचा वास येतो,
कधी साखरेचा, कधी मेंढ्यांचा.
आठवडा कसा गेला ते ती माझा हात हुंगून सांगायची.

थ्रेलकेल्डचा दुसरा नियम:
दहा मैलांवर थांब.
माल बसतो. कितीही आवळलेला असो, बसतोच,
आणि दोर सैल पडतो.
पाऊस असो, उशीर असो,
उतर, हात फिरव, पुन्हा ओढ.

एकदा नाही थांबलो.
अडुसष्टचा नोव्हेंबर, मुलगा तीन दिवसांचा,
फेरी उरकून लवकर परतायचं होतं.
शॅपच्या चढावर धुक्यात मागून आवाज आला,
कुणी ओली चादर झटकावी तसा. एकदा. पुन्हा.
थांबेपर्यंत साखरेची अकरा पोती मागच्या रस्त्यावर,
काही फुटलेली,
दिव्याच्या उजेडात सगळा डांबरी रस्ता चमकत होता,
सुंदर दिसत होता, खोटं कशाला सांगू.

एक दुधाचा टँकर थांबला.
उतरलेला माणूस काही बोलला नाही.
कंदील बॉनेटवर ठेवला, बाही वर सारली,
माझी बाजू त्याने बांधली, त्याची मी.
निघताना टोपीला बोट लावलं, इतकंच.

कार्लाइलला सोडायला गेलो तर त्याची गाठ सुटेना.
डावखुरा होता तो.
पीळ उलटा दिलेला, माझ्या सगळ्या सवयीच्या विरुद्ध.
यार्डातला मुकादम पोती मोजत होता, अकरा कमी,
ती माझ्या पगारातून गेली,
आणि मी तिथे त्या गाठीपुढे वाकून उभा,
एका अनोळखी माणसाचा हात उलगडत.

आता पडदे असतात, एक मुलगा चालत चालत ओढून घेतो.
थ्रेलकेल्डचे दोर मी शेडमध्ये ठेवले होते,
उंदरांनी त्यांचा कापूस केला.

काल कर्स्टी निघाली, माझी नात, ग्लासगोला, पहिल्या नोकरीला.
गाडीच्या टपावर गादी, वर निळा पट्टा,
कडकड करत कळ दाबून आवळलेला.
मी कोपऱ्याला हात लावून पाहिला.
"आजोबा, हा सैल पडत नाही," ती म्हणाली.
"गादी बसते," मी म्हणालो,
पण तोवर तिने इंजिन सुरू केलं होतं.

फाटकाशी उभा राहिलो.
खिशात सुतळीचा तुकडा होता, बोटं आपोआप चालू होती.
मग आत आलो, किटली ठेवली,
घड्याळात पाहिलं.
वाटेत बर्फ नसेल तर
एवढ्यात ती चढावर असेल.