किंमत शून्य रुपये

दुसऱ्या पानावर,
जिथे हक्क, आवृत्ती, अक्षरजुळणी वगैरे असतं,
तिथे मी टाइप केलं: किंमत शून्य रुपये.
पस्तीस वर्षं प्रुफं तपासली.
असा आकडा कधी तपासला नव्हता.

द्रौपदाबाई नाखवा दिवाळ्याच्या जेट्टीवर टोपली उतरवत होती.
म्हटलं, बाई, तुमच्या निवडणुकीचं पुस्तक करतोय,
मोबाइलवर वाचायचं, फुकट.
तिनं पदराला हात पुसले.
"फुकटचा म्हावरा पन मानूस वास घेऊन बगतो रं,"
म्हणाली, आणि बोयांवर बर्फ मारत राहिली.
अध्यक्ष होऊन तिला तेव्हा अकरा दिवस झाले होते.

मग घेतला वास, एकेका पानाचा.

पान सात. संस्थेची इतिवृत्तं.
'बिनविरोध' हा शब्द इतक्यांदा
की पुढे पुढे डोळा त्यावर थांबेचना.
पान बारा. सभासद व्हायचं तर नावावर होडी हवी.
होडी नवऱ्याच्या नावावर, सासऱ्याच्या, दिराच्या.
मासळी तेवढी बायांच्या डोक्यावर.
पान एकोणीस. पोटनियम बदलला.
खाली सत्त्याण्णव सह्या,
त्यातले साठ-बासष्ट अंगठे, काहींना खवले चिकटलेले असावेत,
स्कॅनमध्ये चमकतात.

पान एकतीस. समाजमंदिर, मे महिना,
पंखे बंद, कारण मतपत्रिका उडतात.
तराजू दोनशे चौदा.
नांगर दोनशे अकरा.
बाद अकरा.
त्यातल्या एकीवर दोन्हीकडे शिक्का
आणि खाली पेनानं: दोगंपन आपलीच.
ती मी पानभर छापली.
(छापली म्हणायची सवय जात नाही.)

एका रात्री हिराजी तांडेल आले,
सेक्टर पंधराच्या माझ्या खोलीचे दोन जिने चढून,
हातात फोटो: नवी होडी, नारळ, तरणे ते.
"हरलेल्याचा घेता का?"
म्हटलं, बाई कुणाला हरवून आली ते नको कळायला?
हसले. पाणी प्यायले.
दारात वळून म्हणाले, "बावीस वर्षं लिवलंय तू.
चोवीस कर. दोन वर्षं हंगामी होतो."
केलं. तळटीप दिली.

मग जुन्या फाँटचं युनिकोड करताना रफार उडाले.
अर्जांचे अज झाले,
सत्त्याण्णव बायांचे सत्त्याण्णव बोकड.
तीन रात्री ते हाकत बसलो.

आणि शेवटी परिशिष्ट, मतदारयादी.
नावं चारशे सदतीस. मतं चारशे छत्तीस.
क्रमांक चारशे सात: मथुराबाई गोपीनाथ कडू.
मतदानाच्या चार दिवस आधी गेली.
पहिला अर्ज तिचाच;
'होडीचे नाव' या रकान्यात
तिनं नातवाकडून लिहून घेतलं होतं: टोपली.
मूळ यादीत तिच्यावर लाल रेघ आहे, पट्टी लावून मारलेली.

फाइल बदलताना रेघ आली नाही.
ई-बुकात मथुराबाई
चारशे सहा आणि चारशे आठच्या मध्ये
त्यांच्याइतकीच काळी, त्यांच्याइतकीच ठळक.
प्रुफाची नजर म्हणाली, रेघ घाल.
बोट माउसवर होतं.
खाडीकडून पंपाचा आवाज येत होता, कुणीतरी पाणी उपसत होतं.
एवढ्या वर्षांत चूक दिसली आणि सोडली
असं एकदाही केलं नव्हतं.

रविवारी रात्री पुस्तक सोडून दिलं.
सकाळपर्यंत सतरा जणांनी उतरवलं,
त्यातला एक मीच.

मंगळवारी जेट्टीवर द्रौपदाबाईनं नातीच्या फोनवर
यादी काढायला लावली.
वाचता येत नाही, आकडे येतात.
चारशे सातवर आली, दोन बोटांनी नाव मोठं केलं,
इतकं मोठं की पडद्यावर फक्त 'थु' उरला.
बराच वेळ बघत होती.
"रेग नाय," म्हणाली.
मी म्हटलं, चूक राहिली.
"राहू दे."

मग मला बोय दिले, शंभरला चार.
मी पाकीट शोधताना जरा रेंगाळलो असेन.
"पुस्तक फुकट," ती म्हणाली, "म्हावरा नाय."
चारच दिले. मोजून.