हाड

रात्रपाळी संपवून सातला मी घरी येते
तेव्हा सोहारचं आभाळ
धुवून धुवून विटलेल्या चादरीसारखं असतं.
मी पडदे ओढते, त्यांच्यामागे काचेला चांदीचा कागद,
वर एसीची घरघर.
भर दिवसात मला एक रात्र बनवायची असते,
हातानं.

आणि तिघं सुरू होतात.

शेजारच्या करमसाहेबांची तीन कुत्री.
एकाचा आवाज खर्जातला, पत्र्यावर खडी ओतावी तसा.
दुसरा प्रत्येक भुंकण्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावतो.
तिसरी लहानखुरी, ती फक्त दुजोरा देते,
पण दुजोऱ्याला अंत नसतो.

मी एक वही केली.
लॅबमध्ये रक्ताच्या नोंदी ठेवते तशीच, तीन रकाने:
वेळ, किती मिनिटं, कारण.
नऊ दहा, चौदा मिनिटं, गॅसवाला.
अकरा पंचवीस, सहा मिनिटं, मांजर.
बारा, एक्केचाळीस मिनिटं,
कारण: रेघ.
दुसऱ्या दिवशी बारा. रेघ.
तिसऱ्या दिवशी बारा. रेघ इतकी दाबून
की मागच्या पानावर उठली.

घरमालक अबू सालिम म्हणाले, बलदियात तक्रार करू,
पण आधी शेजाऱ्याची कडी वाजव.
मग कावा पाजला, खजूर पुढे केले,
आणि जावयाच्या नव्या बोटीबद्दल बोलत बसले.

आई फोनवर म्हणाली, अगं, हाड म्हण की!
बार्शीत आमच्या गल्लीत एवढं पुरायचं.
शेपूट घालून सगळी गटारापलीकडे.
मी गच्चीवर गेले, चपला न घालता, मूर्खासारखी,
आणि तळवे भाजत असताना
छातीतला होता नव्हता तेवढा जोर लावून म्हटलं,
हाड!

तिघंही थांबली.
माना तिरक्या केल्या. एकमेकांकडे पाहिलं.
आणि दुप्पट जोमानं सुरू.
समुद्र ओलांडताना त्या शब्दाचे दात पडले असावेत.

मग तक्रारीचा कागद घेऊन गेलेच.
इंग्रजीत होता, दीड पान, सोबत वहीची झेरॉक्स.
दार उघडलं ते मेसेरेतनं,
उजव्या हाताला ओढणीची पट्टी.
साहेब बैरूतला. जूनपासून.
कधी येणार, तर तिनं बोटं मोजली
आणि मध्येच मोजणं सोडून दिलं.

तिची अरबी अर्धी, माझी पाव.
तेवढ्यात कळलं की तिला कुत्र्यांची भीती वाटते,
लहानपणापासून.
जेवणाची ताटली ती झाडूच्या दांड्यानं सरकवते.
मागच्या अंगणात पूर्वेच्या भिंतीला तीन साखळ्या.
आम्ही उभ्या होतो तेव्हाच
भिंतीची सावली एक वीतभर उरली होती,
मग चार बोटं,
मग तिघं उठून उभी राहिली.
घड्याळ मी पाहिलं नाही.

कागद मी चार घड्या घालून पर्समध्ये टाकला.
अबू सालिमकडून बोटीची जुनी ताडपत्री आणली,
दोघींनी शिडीवर चढून बांधली,
वाकडी.
परत निघताना तिला दोन शब्द दिले,
दुसरं काय देणार होते?
जवळ बोलवायला यू यू.
लांब ठेवायला हाड.
तिनं दोन्ही तोंडात घोळवून पाहिले,
न चाखलेल्या फळासारखे.

नऊ दहाची नोंद अजून आहे. अकरा पंचवीसचीही.
बाराची कधी असते, कधी नाही,
वाऱ्यानं ताडपत्री फडफडली तर असते.

पण आता गाढ झोपेत कधीतरी
भिंतीपलीकडून तिचा आवाज येतो,
ड तिला जमत नाही:
हाद! हाद!

कुत्री ऐकत नाहीतच.
मी मात्र इकडे, चांदीच्या कागदामागे,
चटकन पाय पोटाशी घेते.